मोटरच्या जागी कॅमेरा

फोनने अपडेट मागितलं की मला देवळालीचा आमचा ओटा आणि समोरच्या ओल्या उसाचा वास आठवतो. वडिलांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या फोनवरची बाकी अ‍ॅपं लपवून मी विहिरीच्या मोटरचं एकच समोर ठेवलं होतं. अपडेटनंतर लपवायची सोयच गेली, कोणत्या शहाण्याने काढली देव जाणे, आणि मोटरच्या जागी सेल्फीचा कॅमेरा येऊन बसला. वडील आठ्या घालून बटण दाबत राहिले. "लाईट हाय, पन मोटर चालू व्हईना," म्हणत शेवटी चालत विहिरीवर गेले. कधीच फोटो काढू न देणाऱ्या माणसाचे फोनमध्ये सव्वीस फोटो निघाले. भिंतीवर हार घातलेला फोटो त्यातलाच. त्यात ते अजून मोटर चालू व्हायची वाट बघतायत.