बांधावरचा कडुलिंब

शेळगावात माझ्या शेताला लागून शेत असलेले तात्या निसर्गात देव बघतात. निदान ते तसं सांगतात, आणि सांगताना डोळे मिटून घेतात. मग निसर्ग बघतात कशानं, ते त्यांनाच ठाऊक.

आमच्या सामाईक बांधावर कडुलिंब आहे. फाल्गुनात त्याची पानं गळायला लागली की तात्या मला हाक मारतात. "बघ गड्या, किती सहज सोडतंय! माणसाला येक पान सोडवत न्हाय." चैत्रात पालवी फुटली की पुन्हा हाक. "सोडलं की मिळतंय. ह्योच खरा धर्म." ते माझ्या मनात उतरलं का, हे पाहायला एक डोळा किलकिला करतात. मीही मुकाट मान डोलावतो.

मग वैशाखात त्यांचा ट्रॅक्टर येतो आणि वीतभर बांध कोरून जातो. विचारलं तर म्हणतात, "डायवर नवा हाय." त्यांचा डायवर दरसाल नवा असतो.

परवा नांगरट झाल्यावर त्यांनी त्याच झाडाखाली डोळे मिटले. "माझ्या लहानपणापास्नं हितंच हुबं हाय. तसूभर हाललं न्हाय. देव म्हंजे दुसरं काय?"

मी खाली पाहिलं. एके काळी बांधाच्या मधोमध असलेला कडुलिंब आता त्यांच्या नांगरटीत उभा होता. बांध दोन पावलं माझ्याकडे आला होता.

"व्हय तात्या," मी म्हणालो, "झाड काय हाललं न्हाय."

या वेळी त्यांचा एकही डोळा किलकिला झाला नाही.