तोंडाने नाव घ्यायचा नियम

आमचे महिपतकाका ग्वाल्हेर दरबारच्या शेतकी कचेरीत कारकून होते आणि डोक्याने जरा जास्तच हुशार होते. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. जास्त हुशार माणूस घरात असला की काय होतं ते आम्हाला विचारा.

पहिल्या महायुद्धाचे दिवस. विहीर विटांनी पक्की बांधणाऱ्या शेतकऱ्याला साठ रुपये मदत द्यायची असं ठरलं. परत करायची नाही, नुसती घ्यायची. पण पुष्कळ घरांतले पुरुष फौजेत गेलेले, म्हणून पैसे त्यांच्या बायकांनी न्यावेत. आता भलतीच कुणी येऊन घेऊन गेली तर? काकांनी लगेच तोड काढली: बाईने कारकुनासमोर स्वतःच्या तोंडाने नवऱ्याचं नाव सांगावं, मगच रक्कम मिळेल. साहेब खूश झाले. हुकूम निघाला.

काका पडले दक्षिणी, म्हणजे तिकडच्या भाषेत मराठी. आमच्याकडे हळदीकुंकू असो की डोहाळजेवण, बायका उखाण्यात नवऱ्याचं नाव ठणकावून घेतात. इकडच्या खेड्यातली बाई जीव गेला तरी धन्याचं नाव उच्चारत नाही, हे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जन्म काढूनही या शहाण्याला ठाऊक नव्हतं. एकीने सूरजसिंहासाठी आभाळातल्या सूर्याकडे बोट दाखवलं. दुसरी नुसतीच रडली. सगळ्या हात हलवत परत गेल्या. पुढे नवरे रजेवर आले तसे ते स्वतःच पैसे घेऊन गेले.

उरली रामकली. तिचा नवरा समुद्रापार लढाईवर होता आणि चार महिने पत्र नव्हतं. विहीर खणून झाली होती. पावसाळ्याआधी बांधली नाही तर माती ढासळून सगळे कष्ट फुकट. मुदतीच्या शेवटच्या दिवशी ती घुंघट ओढून काकांसमोर येऊन बसली, ती दुपारपर्यंत बसूनच राहिली. नाव विचारलं की मान हलवी. काकांनी वैतागून विचारलं, एवढी कसली गं लाज? तेव्हा ती म्हणाली, लाज नाही, भीती आहे. बायकोने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, आणि तो तर तिकडे गोळ्यांसमोर उभा आहे. साठ रुपयांसाठी त्याचं आयुष्य कमी करू का?

काका खजील झाले. हे त्यांनी स्वतःच घरी येऊन सांगितलं. तेवढा एक गुण होता बाबा त्यांच्यात. त्यांनी दौत बाजूला सारली आणि भर कचेरीत आमच्या शांताकाकूचा उखाणा म्हणून दाखवला:

"पाटणकर बाजारात मिळतात पेढे ताजे,
महिपतराव घोरतात, वाटतं चौघडा वाजे."

मग हिंदीत अर्थ सांगितला. चपराशांची हसून पुरेवाट झाली. पंचवीस वर्षं आमची मंडळी दर सणाला माझं नाव घेतेय, आणि बघ माझ्याकडे, असं ते तिला म्हणाले. बघण्यासारखे होतेच ते. टांगेवाले त्यांच्याकडे दोन सवाऱ्यांचं भाडं मागत. घुंघटाआड हसू फुटलं. मग तिने हळूच विचारलं, तुमच्यात नाव घेतल्याने आयुष्य वाढतं का?

जन्मात खोटी नोंद न केलेला माणूस. पण म्हणाला, "वाढतं."

तिने घुंघट सारखा केला. मग हात जोडून "हरबिलास" म्हणाली, इतकं हळू की पुन्हा सांग म्हणायला जागा होती. काका तसं म्हणाले नाहीत. अंगठा घेतला, रुपये दिले. ते पदराच्या गाठीला बांधून रामकली दारापर्यंत गेली आणि परत आली. काकांना वाटलं, पैसे कमी भरले की काय.

"बाबूजी," ती म्हणाली, "एक बार और ले लूँ?"

काकांनी लेखणी खाली ठेवली. "ले लो बेटी, जितनी बार जी चाहे."

आणि ती तिथे उभ्याउभ्या ते नाव घेत राहिली, दर वेळी थोडं मोठ्याने.