दाराबाहेर काढलेल्या चपला

त्या सकाळी मी नुसत्या मोज्यांवर जिना उतरलो आणि नाश्त्याला बसलेल्या मंडळींसमोर, माझ्या मते अस्खलित जर्मनमध्ये, जाहीर केलं, की या घरात चोर आहेत.

घर म्हणजे ड्युसेलडॉर्फहून आगगाडीने जाण्याजोगी कुणा उमरावाची जुनी हवेली. साठीच्या दशकात असल्या हवेल्यांचा खर्च पेलेना, म्हणून मालकच त्यांची हॉटेलं करीत. भिंतींवर सांबरांची शिंगं, पलंग इतका उंच की चढायला स्टूल. बायकोला इथे आणण्यात माझा स्वार्थ होता. ड्युसेलडॉर्फला मी ज्या कारखान्यात नोकरीला होतो, तो मला आणखी तीन वर्षं ठेवायला तयार होता आणि ही म्हणत होती, "तुम्ही खुशाल राहा. मी दिवाळीला कोल्हापूरला जाणार, ती परत यायची नाही." उमरावी थाट बघून विरघळेल, असा माझा होरा.

आल्या आल्या आम्ही खोलीच्या दाराबाहेर पायताणं काढली. घरची सवय. तिच्या चपला वडिलांनी मुद्दाम करवून दिलेल्या, तेल पाजून पाजून मऊ केलेल्या. सकाळी दार उघडतो, तर बाहेर काही नाही.

"देवळाबाहेरून गेल्या तर पीडा तरी टळते," पलंगावरून पाय सोडून बसलेली बायको म्हणाली. "इथं काय टळणार? पीडा तर समोर उभी आहे."

"बघतोच," म्हणालो आणि वर सांगितलेला पराक्रम केला.

म्हाताऱ्या मालकीणबाई ताठ चालत आल्या. मोज्यातून माझा अंगठा डोकावत होता, त्याच्याकडे त्यांनी सभ्यपणे पाहिलं नाही.

"दाराबाहेर ठेवले होते?"

"हो."

"गेनाऊ! अगदी बरोबर! म्हणजे पॉलिशला दिलेत."

आमच्याकडे दाराबाहेर जोडे म्हणजे संस्कार. त्यांच्याकडे पॉलिशची ऑर्डर. त्यांनी आतून माझे चकचकीत बूट आणले. शेजारी तिच्या कोल्हापुरी. काळ्या कुळकुळीत. लाल गोंडेसुद्धा.

"या चामड्याला फार तहान होती," बाई कौतुकाने म्हणाल्या.

मी चपला वर नेऊन बायकोपुढे ठेवल्या. मनातल्या मनात मी तिचं बोटीचं तिकीट काढलं. तिने चपला पायात सरकवल्या, खिडकीपर्यंत चालून पाहिलं आणि हसू दाबायला तोंडाला पदर लावला.

"अहो, हे असले पाय घेऊन बाबांपुढे कुठल्या तोंडानं जाऊ? राहू या तुमची तीन वर्षं. तोवर रंग उडेल."