आधी अर्थिंग, मग अक्कल

आमच्या ह्यांचा गाड्यांच्या वायरिंगचा धंदा. घराच्या पुढच्या खोलीचं शटर वर केलं की दुकान, खाली ओढलं की बैठकीची खोली. लग्न होऊन आले तेव्हापासून सोफ्यावर बसण्याआधी मी हात फिरवून बघते. एखादा बल्ब नाहीतर स्क्रू असतोच. माणूस तसा गरीब गाय, पण दारात बंद गाडी उभी राहिली की ह्यांच्या अंगात येतं. बिघाड कसलाही असो, गिऱ्हाइकाने तोंड उघडलं की हे बोट वर करून म्हणणार, "आधी अर्थिंग, मग अक्कल." म्हणजे बॅटरीतला करंट दिवा पेटवतो आणि गाडीच्या लोखंडातून परत बॅटरीकडे जातो. ती परतीची वाट, म्हणजे अर्थिंग, धड आहे का ते पहिल्यांदा बघायचं. डोकं नंतर चालवायचं. हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन.

तर वन्संची जीप. वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. त्यांचे यजमान गेल्यावर ती जुनी जीप त्यांच्या दारात ताडपत्रीखाली पडून होती. डोंगरात, ओढ्यात, जिथे रस्ता म्हणून नाही तिथे नवरा-बायको तिच्यातून हिंडलेले. सगळे म्हणाले, भंगारात द्या. वन्सं म्हणाल्या, "मी चालवणार." वय बघा, गुडघे बघा आणि हट्ट बघा. आमचं दोघींचं आधीच विळ्याभोपळ्याचं सख्य. माझ्या चहात साखर जास्त, माझ्या कपड्यांच्या घड्या वाकड्या, माझं बोलणं मोठ्याने. पण ह्यांचा ताईवर जीव. लगेच म्हणाले, "आण इकडे. सगळी नवी वायरिंग करून देतो."

जीप आमच्या मागच्या अंगणात आली. वरचं धूड उतरवलं, तेव्हा खाली नुसता लोखंडी सांगाडा उरला. जुन्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या, जागोजागी चिकटपट्ट्या मारलेल्या. ह्यांनी त्या सगळ्या ओढून काढल्या. ह्यांची एक खोड आहे. वायरीला चिठ्ठी लावायची नाही, कागदावर आकृती काढायची नाही. "वायर माझ्या हाताला ओळखते," म्हणतात. हे दाराशी बसून नव्या वायरींचा जुडगा दोऱ्याने बांधत होते, आणि वन्सं सांगाड्याला गंज लागू नये म्हणून करडा रंग देत होत्या. दोन हात दिले, जाडजूड, एक कोपरा सोडला नाही. बाई कामाला वाघ आहे, ते नाकारून चालायचं नाही.

मग वायरी बसल्या, धूड पुन्हा चढलं, बॅटरी जोडली. ह्यांनी ब्रेक दाबला. मागचे लाल दिवे नुसते मिणमिणले आणि मीटरशेजारचा दिवाच उजळला. डावा इंडिकेटर दिला तर मागे दोन्ही बाजूंचे दिवे डोळे मिचकावायला लागले. वन्सं हसल्या, मीही हसले. हे हसले नाहीत.

ह्यांनी सगळं सोडवलं, पुन्हा जोडलं. तेच. एकेक वायर हातात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. वायरी बरोबर होत्या, दिवे चूक होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गिऱ्हाइकं शटरसमोरून परत जायला लागली. जेवताना हे घास हातात धरून मध्येच थांबायचे आणि बोटांनी ताटात वायरी जोडायचे.

एका दुपारी मी पाणी द्यायला गेले तर हे जीपच्या फूटबोर्डवर बसलेले. म्हणाले, "बाबांचं असंच सुरू झालं होतं."

माझे सासरे घड्याळजी होते. एकदा त्यांनी एक घड्याळ उघडलं आणि ते त्यांना पुन्हा जोडता येईना. पुढे पुढे मी ताट वाढलं की मलाच आदराने विचारायचे, "आपण कोणाकडे आलात?"

"काहीतरीच तुमचं," मी म्हटलं.

"ही जीप मला नाही जमली, तर मी शटर खाली ओढणार. कायमचं. लोकांच्या गाड्यांना आगी लावायच्या नाहीत मला."

त्या दिवसापासून माझंच डोकं फिरलं. मी ह्यांच्यावर पाळत ठेवायला लागले. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर, पण हे तर ऐन तिशीतही असंच करायचे. दूध आणायला गेले आणि ब्रेड घेऊन आले, पण त्याच आठवड्यात मी चहात मीठ घातलं होतं. विसरणं कुठपर्यंत साधं आणि कुठून पुढे दुखणं, हे दाखवणारं मीटर कोणाकडे असतं? आज वाटायचं, काही नाही, वय आहे. उद्या वाटायचं, आता हे मला विचारणार, आपण कोणाकडे आलात. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी चिडते.

तशीच चिडले. वन्सं समोरच फडक्याने काच पुसत होत्या, तरी म्हटलं, "अहो, येणाऱ्या-जाणाऱ्याला शहाणपण शिकवता. स्वतः अर्थिंग बघितलंत का?"

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी अनोळखी भाषेत बोलले. मग उठले. मागच्या दिव्याच्या अर्थिंगचा बोल्ट सोडवून त्याखाली पेचकस घासला. करड्या रंगाचा पापुद्रा निघाला. रंगातून करंट जातो कुठला? बिचारा मिळेल त्या वाटेने, दुसऱ्याच दिव्यांतून परत फिरत होता. ह्यांनी सगळ्या बोल्टांखालचं लोखंड चकचकीत होईपर्यंत खरवडलं, बोल्ट आवळले, ब्रेक दाबला. मागे दोन लाल दिवे लख्ख लागले.

हे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "ताई, अगं, बोल्टांच्या जागा सोडून रंगवायचं ना. मला निदान विचारायचं तरी."

"अरे, विचारलं की," वन्सं म्हणाल्या. "तूच तर..."

विचारलं होतं. मी कप घेऊन तिथेच उभी होते. हातात ब्रश धरून वन्संनी विचारलं, "बोल्टांपाशी जागा सोडू का?" आणि हे म्हणाले, "सगळं रंगव, ताई. मी नंतर खरवडून घेईन." नुसतं म्हणाले नाहीत, कुठला बोल्ट, किती खरवडायचा, चहा संपेपर्यंत सांगत होते.

ह्यांच्या ओठांवरचं हसू तसंच होतं, पण डोळे काहीतरी शोधत होते. ही नजर मी सासऱ्यांना ताट वाढताना बघितलेली आहे.

"मला विचारलंत तुम्ही, वन्सं," मी म्हटलं. "हे आत होते. मीच म्हटलं, सगळं रंगवा, छान दिसेल. मला काय कळतंय त्यातलं."

वन्संनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत ह्या बाईने माझं एक वाक्य दुरुस्त केल्याशिवाय सोडलेलं नाही. त्यांनी फडक्याची नीट घडी घातली.

"हो रे, हिलाच विचारलं," त्या म्हणाल्या. "हिला विचारून कधी काही धड झालंय?"

"तरीच," हे म्हणाले, आणि ह्यांचे खांदे सैल झाले. "तरी म्हटलं, मला कसं आठवत नाही." आणि शीळ घालत पेचकस ठेवायला गेले.

वन्सं ड्रायव्हरच्या सीटवर चढल्या आणि शेजारची सीट थोपटून मला म्हणाल्या, "बस." हे मागे बसले. इंजिनाने घर हलवलं. फाटकाबाहेर पडल्यावर वन्सं समोर बघत, मला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "उद्या डॉक्टरांकडे नेऊ त्याला. मी येते सकाळी. आणि चहात साखर जरा बेताने घाल."

"बरं," मी म्हटलं.

मागून हे ओरडले, "काय म्हणतेय गं ताई?"

"रंग छान झालाय म्हणतायत," मी म्हटलं.