पान काढणारी सून

आळेफाट्यावर रखमाजींचं हॉटेल होतं आणि हॉटेलाच्या मागच्या अंगाला, भट्टीजवळ, त्यांची सून हर्षाली भाकरी थापायची. बोरी बुद्रुकची पोर, बारावी झालेली. निकाल लागला त्याच आठवड्यात गोरखचं स्थळ आलं आणि सगळं आटोपलं. गोरख ट्रक घेऊन निघाला की पंधरा-पंधरा दिवस तोंड दाखवत नसे. नाशिकच्या, नगरच्या गाड्या समोरून जायच्या. हर्षालीला त्यांचे हॉर्न तेवढे ऐकू यायचे. सुनेनं गल्ल्याकडे फिरकायचं नाही, असा रखमाजींचा दंडक होता.

२००२ च्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका बाईंची गाडी फाट्यावर बंद पडली. गॅरेजवाल्यानं अख्खा दिवस घेतला. बाई फॅमिली रूममध्ये टेबलावर चित्रांचे पत्ते मांडून बसल्या होत्या. वेटर कमी होते म्हणून त्या दिवशी चहा हर्षालीनं नेला आणि ती पत्त्यांकडे बघतच राहिली. तुम्ही भविष्य सांगता का, असं तिनं भीत भीत विचारलं. बाई हसल्या. म्हणाल्या, याला टॅरो म्हणतात, पण मी पुढचं बघत नाही. एक पान काढायचं, चित्रात आपल्याला काय दिसतं ते बघायचं आणि स्वतःशी खोटं बोलायचं नाही, एवढंच. जाताना तो पत्त्यांचा जोड त्यांनी हर्षालीलाच दिला. त्यातलं एक पान हरवलं होतं, त्यांना नवा घ्यायचाच होता.

दुपारची गर्दी ओसरली की हर्षाली पिठाच्या डब्यामागून जोड काढायची. एका पानावर डोळे बांधलेली, दोरीनं जखडलेली बाई होती, भोवती तलवारी रोवलेल्या. ते निघालं की तिला पुढे जेवण जात नसे. आधी तिला वाटलं, बांधणारे सासू-सासरे. मग वाटलं, गोरख. मग एका दुपारी आठवलं की लग्नाला नको म्हणायला आपण तोंडच उघडलं नव्हतं. त्या दिवशी तिच्या भाकरी करपल्या.

पुढे जोड सासूच्या, प्रयागबाईंच्या हाती लागला. आता काही खरं नाही, असं हर्षालीला वाटलं. पण प्रयागबाई पदर सावरून समोर बसल्या आणि गोरखची गाडी सुखरूप येईल का, तेवढं बघ म्हणाल्या. हर्षालीनं समजावून पाहिलं, पण सासूचा चेहरा बघून 'येईल' म्हणून गेली. गोरख आला. तिथंच सगळं बिघडलं.

बायका यायला लागल्या, त्यांच्यामागून ड्रायव्हर. गिऱ्हाईक वाढतंय म्हटल्यावर रखमाजींनी आपला दंडक आपणच मोडला आणि सुनेची खुर्ची गल्ल्याशेजारी मांडली. आता रस्ता समोर दिसत होता, पण उठायची सोय नव्हती. सकाळी भाकरी, दुपारी खोटं. स्वतःसाठी पान काढायची तिची हिंमतच गेली.

मग एक दिवस बोरीची गोजरबाई आली. तिची लेक सासरचा मार खाऊन माहेरी आली होती आणि सासरचे तिला न्यायला येणार होते. पाठवू का, एवढंच तिचं विचारणं. पान निघालं ते सूर्याचं, घोड्यावर हसरं पोर. शकुन चांगला आहे, दे पाठवून, असं प्रयागबाई मागून म्हणाल्या.

हर्षालीनं पान पालथं घातलं.

"मावशी, ह्या कागदाला काय कळत न्हाई. मला बी पुढचं काय दिसत न्हाई, कधीच दिसलं न्हाई. पोरगी काय म्हणती?"

"कायच बोलत न्हाई. दारात गाडी थांबली की आतल्या खोलीत जाऊन बसती."

"मग तुमाला कळलंय की."

गोजरबाई पदर खोचून उठली. लेकीला तिनं पाठवलं नाही.

हॉटेलात मात्र ते बोलणं सगळ्यांनी ऐकलं होतं. माणसं यायची थांबली. रखमाजींनी चारचौघांत सुनेला नाही नाही ते सुनावलं, जोड भट्टीत घातला आणि हर्षाली पुन्हा भाकरीला बसली.

गोरख आला तेव्हा तिनं लग्नानंतर पहिल्यांदा काही मागितलं. नारायणगावला एका दवाखान्यात कामाला बाई हवी आहे, मला जायचंय, म्हणाली. गोरखनं जेवता जेवता ऐकून घेतलं.

"बघू," म्हणाला.

पुढच्या खेपेलाही बघूच म्हणाला. ती जागा कधीच भरली, वर्षं गेली, तरी त्याचं बघूच चाललं होतं. हर्षालीनं विचारणं मात्र सोडलं नाही. तो आला की त्याचं ताट वाढायचं, समोर बसायचं आणि म्हणायचं, मला बाहेर कामाला जायचंय.