पाजणाऱ्या बाईला कसली भीती?

मोठी माय गेल्याचा निरोप घेऊन माहेराहून, कळसाडीहून माणूस आला, तेव्हा मी धानोऱ्याला सासरी लेकाला पाजत बसले होते. महिना होत आला... राग मात्र उतरत नाही.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांची थोरली भावजय. माझी आई मला जन्म देऊन गेली आणि हिने आपल्या पोराबरोबर मलाही छातीशी धरलं. पुढे कापूस वेचायला जाणाऱ्या बायका आपली तान्ही पोरं तिच्याच ओट्यावर सोडून जात. जे रडेल त्याला ती घ्यायची. तिचं दूध कधी आटलंच नाही. अशा बाईच्या डाव्या छातीत गाठ आली, तर आमच्याकडे दुसरं काय सुचणार? दुधाचीच गाठ! "पोऱ्याले लाव, ओढी लेई," शेजारणी म्हणाल्या. एरंडाची पानं गरम करून बांधली, एकीचं तान्हं लावलं. ते त्या बाजूला तोंडच लावीना, किंचाळून मान फिरवी. बायका हसल्या, लबाड शे म्हणाल्या.

शेवटी मीच तिला बैलगाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. लढाईचे दिवस, औषधांचा ठणठणाट. डॉक्टरांनी खुर्चीवरूनच विचारलं, "किती मुलं पाजलीत, बाई?"

"कोन मोजी ऱ्हायनं, दादा?" ती लाजून हसली.

"मग घाबरू नका. पाजणाऱ्या बायकांत छातीचा कॅन्सर कमी असतो."

मलम दिलं आणि वाटेला लावलं. गाठीला हातसुद्धा लावला नाही हो! कमी असतो, हे खरंही असेल; त्याच्याशी माझं भांडण नाही. पण ज्या थोड्यांना होतो त्यांतलीच एक समोर बसली होती, आणि हा गृहस्थ पोरं किती एवढं विचारून मोकळा झाला. पुढे मी कितीदा विनवलं, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. तर म्हणे, "डागदर खोटं बोलस का वं? माले काय बी व्हनार नई."

सुतक फिटल्यावर कळसाडीला तिचे कपडे धुवायला काढले. प्रत्येक चोळीला डाव्या बाजूने आतून जुन्या लुगड्याचा जाड तुकडा शिवलेला, बारीक टाक्यांनी, बाहेरून दिसू नये असा. त्यावर वाळलेले पिवळे डाग... म्हणजे तिला ठाऊक होतं. मला 'काय बी नई' सांगत होती, तेव्हा गाठ फुटून वाहत होती.

डॉक्टर परका, त्याला शिव्या देऊन मी मोकळी होते. पण तुझ्या दुधावर वाढलेल्या पोरीशी तू खोटं बोललीस, मोठी माय. एक चोळी मी न धुताच घेऊन आले. सासूबाई म्हणतात, टाकून दे. नाही टाकणार.