नारूवरची पिवळी गोळी

रहाटणीच्या मंजुळाबाईला कुणी वैद्य म्हटलेलं खपत नसे. वैद्य म्हणजे पुड्या बांधून लोकांना गंडवणारा, असं तिचं रोखठोक मत होतं. ती फक्त नारू काढायची. पायाचा फोड फुटून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकावला की त्याचं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज चार बोटं, सबुरीनं, बाहेर घ्यायचा. घाईत तो आत तुटला की पाय सुजून माणूस जन्माचा अधू. तिच्या नातीचा, इंदूचा, गुडघा असाच आखडला होता. मंजुळाबाई तेव्हा मारुंजीला लग्नाला गेली होती आणि घरातल्या शहाण्यांनी जोर लावला होता.

नारू यायचा गावच्या पायऱ्यांच्या विहिरीतून. फुटल्या पायांची माणसं पायऱ्या उतरून पाण्यात उभी राहत आणि तेच पाणी गाव पीत असे. पायऱ्या बुजवा, वर रहाट बसवा, असं आरोग्य खात्यातला कादर वर्षभर घसा फोडून सांगत होता. मंजुळाबाई त्याच्या बाजूची. इंदूला पुन्हा नारू होऊ द्यायचा नव्हता, एवढाच तिचा हट्ट. वरच्या कचेरीनं विहिरीचा नकाशाही मागवला होता.

पण ते साल छप्पन्न. पिंपरीच्या माळावर औषधाचा कारखाना उभा राहिला होता आणि जगातल्या प्रत्येक दुखण्यावर गोळी असते, असं जो तो समजू लागला होता. पुण्याचे एक डॉक्टर नारूवरची नवी पिवळी गोळी घेऊन आले. चावडीत बसून त्यांनी एकोणीस रोगी निवडले, काडीला हात लावायचा नाही असं बजावलं आणि दर सोमवारी नाकाला रुमाल लावून वही भरू लागले.

गोळीनं मळमळ तेवढी झाली. नारू ढिम्म हलेना. मग एकोणीसही जण परसदारानं मंजुळाबाईकडे लंगडत आले. तिनं सगळ्यांचे काढले. शिव्या घालत काढले, पण काढले.

पुढं एका सोमवारी डॉक्टरांनी विचारलं, "काय, आला का गुण?"

"आला की!" दत्तोबा पाटील म्हणाला. मोटारीतून आलेला पाहुणा, त्याचं मन कसं मोडायचं? बाकीच्या अठरांनीही नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. वेड्यांच्या बाजारात आपण कशाला तोंड घालायचं, म्हणून मंजुळाबाईही गप्प बसली. तिथंच तिचंही शहाणपण उघडं पडलं.

चैत्रात कादर उतरल्या तोंडानं आला.

"मावशी, विहिरीचं काम रद्द झालं. गोळीनं नारू जातो म्हणे, मग रहाट कशाला?"

मंजुळाबाईनं कपाळावर हात मारला. काढलेला नारू वर्षभर फेकायचा नाही, काडीसकट वळचणीला खोचून ठेवायचा, अशी तिची रीत होती. त्या एकोणीस काड्या फडक्यात बांधून तिनं कादरसोबत पुणं गाठलं.

"डाक्टर, ह्ये बगा. तुमच्या गोळीनं एक बी ग्येला न्हाई. समदे म्या काढलं. गाव खोटं बोललं, आन् म्या बी गप ऱ्हायले. आता त्या पायऱ्या तेवढ्या बुजवा."

डॉक्टरांनी एकेक वाळका जंत खिडकीशी धरून पाहिला. त्यांचा चेहरा फुलला.

"एकोणीसच्या एकोणीस, आणि अख्खे! अहो बाई, तुम्ही नुसते गुंडाळलेत. सैल केले ते गोळीनं. एवढाच पुरावा राहिला होता."

काड्या बरणीत गेल्या. कंपाउंडरनं वर चिठ्ठी डकवली. मंजुळाबाईला अक्षर येत नव्हतं, म्हणून कादरनं ती मान खाली घालून वाचून दाखवली: 'गोळीने निघालेले नारू'.

ती घरी पोचली तेव्हा इंदू कळशी घेऊन, एका पायावर भार देत, विहिरीच्या वाटेला लागली होती. मंजुळाबाईनं हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. गावात प्यायला दुसरं पाणी नव्हतं.